टायरचीही नोंद वहीत हवी

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात सूस, चांदे आणि लवळे यांच्या शेजारी नांदे हे गाव आहे. शहर वाढत वाढत या गावाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले, तशी येथील रस्त्यांवरची वाहनेही बदलली. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली, तिच्यामागोमाग बांधकामाचे डंपर आले, आणि आता सुटीच्या दिवशी मोटारीच्या मागे जोडलेला एखादा प्रवासी ट्रेलरही दृष्टीस पडतो. येथून निघालेल्या वाहनापुढे दोन वाटा असतात. एक सूसमार्गे मुंबई-बंगळूर महामार्गाला मिळून पुढे द्रुतगती मार्गाकडे जाते. दुसरी लवळे, पिरंगुट, पौड करीत ताम्हिणी घाट उतरून माणगावला, म्हणजे कोकणात पोहोचते. एका वाटेवर वेग आहे, दुसरीवर वळणे आणि उतार आहेत. या दोन्ही वाटांवर संपूर्ण कुटुंबाचा भार ज्या वस्तूवर असतो, ती म्हणजे टायर. आणि घरातील सर्वांत दुर्लक्षित वस्तूही बहुधा तीच असते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर चाकांवरच्या या घरांविषयी कुतूहल वाढले. व्यापारी कुटुंबांना मात्र मागे जोडलेले वाहन नवे नाही. जनरेटरची ट्रॉली, मंडपाचे सामान, दुकानाचा माल, तीर्थयात्रेला निघताना बरोबर घेतलेला स्वयंपाकाचा पसारा, अशा नाना कारणांनी आपल्या वाहनामागे दुसरे वाहन ओढण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. टायरचा नियम या सर्वांना सारखाच लागू पडतो. ट्रेलरच्या बाबतीत तो अधिक कठोर आहे, कारण ट्रेलरमध्ये कोणी बसलेले नसते. मोटारीचे चाक बिघडले की स्टिअरिंग थरथरते, आवाज येतो, चालकाला सुगावा लागतो. ट्रेलरचे चाक मात्र मूकपणे तापत राहते आणि अखेर फुटते तेव्हाच कळते.

दैव की दुर्लक्ष?

टायर फुटून अपघात झाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : “नशीब, दुसरे काय!” या वाक्याला मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात स्पष्ट उत्तर दिले. प्रकरण असे होते. २५ ऑक्टोबर २०१० रोजी एक अडतीस वर्षांचा नोकरदार पुण्याहून मुंबईकडे सहकाऱ्याच्या मोटारीतून निघाला होता. वाटेत मागचे चाक फुटले, मोटार खोल दरीत कोसळली आणि घरातील एकमेव कमावता माणूस गेला. पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याने भरपाईची जबाबदारी येत नाही, असे तिचे म्हणणे होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले. भूकंप किंवा पूर यांसारख्या, माणसाच्या ताब्यात नसलेल्या निसर्गशक्तीच्या प्रकोपाला दैवी आपत्ती म्हणतात. टायर फुटणे त्यात बसत नाही, तो मानवी निष्काळजीपणा आहे, असे न्यायालयाने म्हटले. अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, जुने वापरलेले टायर आणि उष्णता ही कारणे न्यायालयाने गणली. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे वाहनधारकाचे व चालकाचे काम आहे, हेही सांगितले.

व्यापारी कुटुंबाने या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. टायर बदलण्याचे काही हजार रुपये कोणी पुढे ढकलतो, तेव्हा तो खर्च वाचवीत नसतो. तो एक देणे निर्माण करीत असतो. त्या देण्याची रक्कम आणि तारीख त्याला ठाऊक नसते, एवढेच. शिवाय हे देणे पैशात फिटण्यासारखे असतेच असे नाही.

टायर का फुटतो?

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत कापडी धाग्यांचे आणि पोलादी तारांचे थर असतात, आणि रबर त्यांना एकत्र धरून ठेवते. वाहनाचे वजन प्रत्यक्षात टायर पेलीत नाही, त्यातील दाबलेली हवा पेलते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक वाकते. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, हे सर्वांना ठाऊक आहे. येथेही तेच घडते. वेग जितका जास्त, तितक्या फेऱ्या अधिक आणि तितकी उष्णता अधिक. एका मर्यादेपलीकडे रबर आणि आतील थर यांची पकड सुटते. मग वरचा पट्टा सोलून निघतो किंवा बाजू फाटते. लोकांना ऐकू येतो तो स्फोट. त्याची तयारी मात्र तासभर, कधी महिनाभर चाललेली असते.

म्हणूनच इजा आणि स्फोट यांच्या जागा बहुधा वेगवेगळ्या असतात. नांदे परिसरातील एखाद्या खड्ड्याच्या धारेवर चाक आपटते. त्या क्षणी काहीच होत नाही. आतला एखादा धागा तेवढा तुटतो. काही दिवसांनी टायरच्या बाजूवर छोटासा फुगा दिसू लागतो. तो कोणी पाहत नाही. पुढे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने तासभर धावल्यावर त्याच जागी टायर फुटतो, आणि दोष रस्त्याच्या काँक्रीटला दिला जातो. बाजूवर फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. त्याला स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. सरळ रस्ता, ताशी १२० किलोमीटरपर्यंतची मुभा आणि विदर्भ-मराठवाड्याचे ऊन यांमुळे टायरची खरी परीक्षा तेथे सुरू झाली. परिवहन विभागाला प्रवेशद्वारांपाशी टायरांची तपासणी हाती घ्यावी लागली आणि गुळगुळीत टायरची वाहने परत पाठवावी लागली. मात्र ‘टायर फुटला’ हे प्रत्येक अपघाताचे सोयीचे कारण होऊ नये, हेही याच महामार्गाने शिकवले. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात एका खासगी बसच्या अपघातात पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत त्याला पुष्टी मिळाली नाही.

घसाऱ्याचे दोन प्रकार

वाणिज्य शाखेत शिकविला जाणारा ‘घसारा’ हा शब्द टायरइतका अन्यत्र कोठेही शब्दशः लागू पडत नसेल. तेथेही घसारा दोन प्रकारचा असतो : एक वापरानुसार, दुसरा काळानुसार. रोज धावणाऱ्या टेम्पोचा टायर वापराने झिजतो. त्याची नक्षी पाहून आयुष्य कळते. कायद्यानुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे.

वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या प्रवासी ट्रेलरचा हिशेब निराळा आहे. त्याची नक्षी नव्यासारखी दिसते, म्हणून मालक निश्चिंत राहतो. परंतु उभ्या वाहनाचे रबरही ऊन, हवा आणि काळ यांनी कडक होते, बाजूवर बारीक भेगा पडतात, आणि एकाच जागी महिनोन्‌महिने भार पडून टायर दबतो. हा काळानुसार होणारा घसारा आहे. वस्तू वापरली नाही म्हणून तो थांबत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर, कसाही दिसत असला तरी, टायर बदलणे, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. भार ओढणाऱ्या आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या ट्रेलरसाठी दहा वर्षांची वाट न पाहणेच शहाणपणाचे.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. बाजूवरील अक्षरांच्या शेवटी चार आकडे सापडतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नवा म्हणून विकत घेतलेला टायर दुकानात किती वर्षे पडून होता, हेही यावरून समजते. मालावरील तारीख पाहिल्याशिवाय व्यापारी माल उचलत नाही. टायर उचलतानाही तोच नियम पाळावा.

भाराची बेरीज

त्याच बाजूवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा भार सांगतो, अक्षर वेग. उदाहरणार्थ, ‘९१’ म्हणजे त्या टायरने पुरेशी हवा असताना जास्तीत जास्त ६१५ किलो भार पेलावा. दोन चाकांच्या ट्रेलरला असे टायर असतील तर दोन्ही मिळून १,२३० किलो झाले. आता बेरीज करावी. ट्रेलरचे स्वतःचे वजन आधीच मोठे असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. त्यात भांडी, धान्य, गाद्या, खुर्च्या आणि परतीच्या वाटेवर घेतलेली आंब्याची पेटी. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणत मर्यादा ओलांडली जाते. सामान एकाच बाजूला रचले असेल, तर एकूण भार मर्यादेत असूनही त्या बाजूचा टायर आपल्या मर्यादेबाहेर गेलेला असतो. निघण्यापूर्वी वजनकाट्यावर वाहन एकदा चढवावे. त्याला लागणारे पैसे अगदी थोडे असतात.

मालवाहू वाहनांना तर कायद्याचा धाकही आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. मागच्या जोडचाकांपैकी एक टायर बसला असेल, तर त्याचा सगळा भार शेजारचा निमूटपणे उचलतो आणि थोड्याच वेळात तोही जातो. म्हणून जोडचाकांतील आतल्या टायरची हवा पाहण्याचा कंटाळा करू नये, आणि दोन टायरांमध्ये दगड अडकला नाही ना, हेही पाहावे.

हवेचा नियम सोपा आहे. टायर थंड असताना, म्हणजे निघण्यापूर्वी, हवा मोजावी. धावल्यावर दाब काही पाउंडांनी वाढतो. ही वाढ उत्पादकाने गृहीत धरलेली असते. गरम टायरमधून हवा काढून दाब ‘बरोबर’ करणारा माणूस वास्तविक कमी हवेचा टायर घेऊन पुढे निघतो. नायट्रोजन भरला म्हणून मोजणी चुकवू नये. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो.

कमी हवा, जास्त वेग आणि उष्णता यांचे त्रिकूट काय करू शकते, हे अमेरिकेने २००० साली पाहिले. फायरस्टोन कंपनीच्या टायरांचा वरचा पट्टा सुटून उंच मोटारी उलटू लागल्या. दोनशेहून अधिक माणसे गेली आणि सुमारे पासष्ट लाख टायर परत मागवावे लागले. त्यानंतर तेथे नवा कायदा झाला आणि मोटारीत टायरचा दाब दाखविणारी यंत्रणा सक्तीची झाली. ट्रेलरच्या चाकांना अशी यंत्रणा बहुधा नसते. पण झडपेवर बसविता येणारी छोटी दाबमापके आता आपल्याकडेही मिळतात. मागचे चाक डोळ्यांना दिसत नसल्याने ट्रेलर ओढणाऱ्याने ती अवश्य घ्यावीत.

फुटलाच तर

इतके करूनही टायर फुटू शकतो. त्या वेळी चालकाचे पहिले काम म्हणजे ब्रेकवर पाय न मारणे. टायर फुटताच वाहन एका बाजूला ओढले जाते. जोरात ब्रेक दाबला तर ती ओढ वाढते आणि मागचा ट्रेलर आडवा फिरतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, पण सरळ धरावे. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, वाहनाचा वेग आपोआप उतरू द्यावा आणि मगच डाव्या बाजूला यावे. ट्रेलरचा टायर गेला असेल तर काही वेळा धक्का जाणवतच नाही. आरशात धूर दिसणे, ट्रेलर एका अंगाला कललेला वाटणे, शेजारून जाणाऱ्यांनी हात करून खुणावणे, या सूचना मानाव्यात.

थांबायचे ते सपाट, कठीण आणि रहदारीपासून दूर असलेल्या जागी. त्यासाठी थोडे अंतर फुटक्या चाकावर हळूहळू जावे लागले आणि डिस्क खराब झाली, तरी हरकत नाही. डिस्क विकत मिळते. चारही इंडिकेटर एकदम चालू करावेत. घरातील मंडळींना डाव्या दाराने उतरवून लोखंडी कठड्यापलीकडे उभे करावे. गाडीत किंवा गाडीमागे कोणी थांबू नये. लाल त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर, द्रुतगती मार्गावर त्याहून बराच लांब ठेवावा. उजव्या, म्हणजे रहदारीच्या बाजूचे चाक असेल तर ते स्वतः बदलण्याच्या भरीस पडू नये; ११२ क्रमांकावर मदत मागावी. कोणी जखमी असेल तर १०८.

चाक बदलायचेच असेल तर ट्रेलर मोटारीपासून सोडू नये. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, नट जमिनीवर असतानाच सैल करावेत, आणि मग जॅक त्याच्या नेमलेल्या जागीच लावावा. नवे चाक बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि पन्नासएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा फिरवावा. मोटारीची स्टेपनी ट्रेलरला बसतेच असे नाही, हे घरीच पाहून ठेवावे. शिवाय २०२० च्या नियमबदलानंतर काही नव्या मोटारी स्टेपनीविना, केवळ पंक्चर दुरुस्तीच्या संचासह येतात. फाटलेल्या टायरपुढे तो संच निरुपयोगी असतो.

एक गोष्ट जैन कुटुंबांसाठी विशेष. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून भोजन आटोपण्याच्या ओढीने अनेकदा दुपारनंतर वेग वाढतो. आणि नेमका त्याच वेळी रस्ता सर्वाधिक तापलेला असतो. नियम पाळायचा असेल तर शिदोरी बरोबर घ्यावी आणि वाटेत वेळेवर थांबून जेवावे. त्यात माणसांनाही विसावा मिळतो, टायरलाही.

विम्याचा शब्दार्थ

विम्याविषयी दोन गोष्टी. नेहमीच्या वाहन विम्यात केवळ टायरच फुटला, वाहनाचे अन्य नुकसान झाले नाही, तर भरपाई मिळत नाही. वाहनाचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच रक्कम मिळते. दुसरे म्हणजे, कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी आणि विमापत्रातील उल्लेख नसेल तर ऐन वेळी वाद उभा राहतो. नूतनीकरणाचा धनादेश लिहिण्यापूर्वी विमापत्र एकदा वाचावे.

अखेरीस प्रश्न उरतो तो निर्णय कोणाचा, हा. टायर फुटतो तेव्हा चाकावर चालक बसलेला असतो. पण ‘अजून महिनाभर चालव’ हा निर्णय पेढीच्या गादीवर झालेला असतो. पगारी चालक मालकाला दुसऱ्यांदा सांगायला धजत नाही. त्याने सांगितलेली गोष्ट लिहून ठेवण्याची रीत असेल, तर ती विसरली जात नाही. म्हणून प्रत्येक वाहनासाठी वहीचे एक पान राखावे. टायरचा क्रमांक, तयार झाल्याचा आठवडा व वर्ष, खरेदीची तारीख, त्या वेळचे किलोमीटर, कोणत्या चाकाला बसवला, दर पंधरवड्याला मोजलेली थंड हवा आणि चालकाची तक्रार, एवढे रकाने पुरे. शेवटचा रकाना चालकाने स्वतःच्या हाताने भरावा, आणि त्यापुढे काय केले ते मालकाने सहीनिशी लिहावे.